आधीच्या घरमालकाचा अभिप्राय

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

मामाचे भरपूर आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या आईचे समजावेत. ती पत्र लिहीत नाही, पण माझ्या पत्रातल्या आशीर्वादांवरचा हक्कही सोडत नाही.

तुझं पत्र पोचलं. दातांच्या लॅबमध्ये तुला उमेदवारीवर घेतलं हे वाचून बरं वाटलं. आपल्या घराण्यात आजवर नुसते दात काढणारे झाले. लोकांना दात घालून देणारी तू पहिलीच. बाकी मजकूर मात्र काळजीचा. कामावरच्या ज्या ताईंच्या बाहेरच्या खोलीत तू कोचावर झोपतेस, त्यांची बहीण महिनाअखेरीला मुलंबाळं घेऊन राहायला येणार, आणि त्याआधी तुला भाड्याची खोली शोधायलाच हवी. न मिळाली तर नोकरीवर पाणी सोडून परत. आई म्हणते, "मग येऊ दे की परत, तिची खोली आहेच." मी काही म्हणत नाही. मी शाळेत संस्कृत शिकवणारा माणूस. मी फक्त सूचना करतो.

तर सूचना. नैयायिकांनी ज्ञानाची साधनं चार सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. भाड्याच्या खोलीला यातलं पहिलंच लावावं. 'खोली हवेशीर आहे' हा झाला शब्द. खिडकी उघडली आणि तोंडावर वारा आला, हे प्रत्यक्ष. शब्दही प्रमाण असतो, नाही असं नाही, पण तो आप्ताचा असेल तर. आणि आप्त म्हणजे जसं आहे तसं सांगणारा. एजंट या व्याख्येत बसत नाही. तेव्हा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाच्या हातावर आगाऊ काही ठेवू नकोस, फोटो कितीही देखणे असोत. संध्याकाळी पाहिलेली खोली भर दुपारी पुन्हा पाहा. मालक 'पाणी भरपूर' म्हणाला की मान डोलवायची आणि नळ सोडून बघायचा. दार लावून आत घटकाभर गप्प उभी राहा. भिंती काय काय बोलतात ते ऐकायला मिळेल. सोडून जाणारा भाडेकरू भेटलाच तर 'का सोडता' हे त्याला मालकाच्या पाठीमागे विचार. आणि करारनाम्यात जिथे जागा कोरी असेल तिथे सही करण्याआधी रेघ मार. कोऱ्या जागेत पुढे काय उगवेल याचा नेम नाही.

तू म्हणशील, जन्मात भाड्याने न राहिलेला माणूस हे कशाच्या जोरावर सांगतो? अगं, पोहावं कसं हे काठावरचाच सांगू शकतो. पोहणाऱ्याच्या तोंडात पाणी असतं.

तुझा
मामा

८ फेब्रुवारी

तीर्थरूप मामास,

कोचावरून साष्टांग नमस्कार. कोच आखूड असल्यामुळे आठांपैकी दोन अंगं बाहेर आहेत, ती धरून घे.

हे पत्र तू आईला मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून कंसातला मजकूर मनातल्या मनात वाच.

पहिली खोली एजंटाने मोबाइलवर दाखवली. पिवळे पडदे, खिडकीत कुंडी, तिसरा मजला. मालक म्हणे परदेशात, किल्ली कुरिअरने येणार, फक्त आगाऊ रक्कम आजच्या आज भरा, कारण मागे रांग आहे. खरं सांगते, पडद्यांनी मी पाघळले होते. पण म्हटलं, माझा मामा प्रत्यक्ष मानतो. तो म्हणाला, "मग मामांना फोटो पाठवा ना मॅडम." मी पत्ता शोधत गेले. इमारत सापडली. तिला तिसरा मजलाच नाही. मी खाली उभी राहून आकाशाकडे बघत होते तर समोरचे इस्त्रीवाले म्हणाले, "पिवळे पडदे का? कालपासून तुम्ही चौथ्या."

दुसरी संध्याकाळी पाहिली. इतकी शांत की मला तिथे म्हातारं व्हावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा गेले, तर खाली पत्र्याच्या पेट्या ठोकण्याचा कारखाना. मालक मला काहीतरी समजावून सांगत होते, ओठ हलताना दिसत होते.

तिसरी एका काकांची. "तू मला मुलीसारखी," म्हणाले. (त्यांच्याकडे खोलीची दुसरी किल्ली असते आणि पंखा नीट फिरतो का ते बघायला ते अधूनमधून आत येतात. मी विचारलं, भाडेकरू घरात नसताना? म्हणाले, असताना-नसताना, पंख्याला काय कळतं. म्हटलं, मला कळतं. आणि निघाले.)

चौथी मला आवडली. लॅबपासून पायी जाण्यासारखी, दुपारी पाहिली, संध्याकाळी पाहिली, नळाला पाणी आहे. मालकीणबाई गोड आहेत. जिना तेवढा अरुंद. काय करू? लवकर लिही, त्या आठवडाभर थांबणार आहेत.

तुझी
भिंगरी

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, निम्मे-निम्मे.

कंस मी मनात वाचला. पण वाचताना माझा आवाज थांबला हे तुझ्या आईच्या लक्षात आलं. "काय झालं?" "स्वल्पविराम." "एवढा मोठा?" मग तिने पत्र हातातून घेतलं. तो पंखेवाला आत्ता समोर असता तर त्याचा स्वतःचाच पंखा झाला असता, एवढंच तिचं मत इथे लिहिण्याजोगं आहे.

तिसरा मजला नसलेल्या इमारतीतली खोली ही शशशृंगाची थोरली बहीण. सशाला शिंग नसतं हे सगळ्यांना ठाऊक, तरी त्याचं भाडं घेणारा निघाला. तू वाचलीस, छान केलंस.

आता चौथी. माझं प्रांजळ मत, घाई करू नये. जिना अरुंद म्हणतेस. आज तू एकटी चढशील, उद्या कपाट घेऊन चढायची वेळ आली तर? मालकीणबाई गोड आहेत म्हणतेस. अतिविनय हे धूर्ताचं लक्षण मानतात. लॅबपासून जवळ आहे हा तर दोषच. घर कामाच्या जवळ असलं की साहेब सुट्टीच्या दिवशी बोलावतात. आणि खिडकी कोणत्या दिशेला आहे हे तू लिहिलेलंच नाहीस, ते संशयास्पद वाटतं. आणखी पाहा. बहुरत्ना वसुंधरा.

आणि अगदीच नाही मिळाली, तर इथे तुझी खोली जागच्या जागी आहे. हे मी सहज लिहिलं.

मामा

१६ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. चौथी खोली गेली. तुझं पत्र येईपर्यंत मी थांबले, आणि गोड बाईंनी ती एका नर्सला दिली. नर्सने जिन्याबद्दल एक शब्द काढला नाही म्हणे.

आता मला एक सांग. शाळेत तू असेच पेपर काढतोस का, कुणीच पास होऊ नये असे? जिना, गोडवा, जवळपणा आणि दिशा. तुझ्यापुढे स्वर्ग ठेवला असता तर म्हणाला असतास, फार उंचावर आहे, पाणी चढतं का विचार. काल आईशी फोनवर बोलले. ती म्हणाली, तू रोज सकाळी माझ्या खोलीची खिडकी उघडतोस आणि संध्याकाळी लावतोस. मामा, अनुमान हे दुसरं प्रमाण तूच मला शिकवलंस ना? धूर दिसला.

मला इथे राहायचं आहे. तुला वाटतं कवळी म्हणजे पांढऱ्या दातांची माळ. आमच्याकडे पांढरा नावाचा रंगच नाही. पिवळट, राखी, दुधाळ, चहा पिणाऱ्याचा, पान सोडलेल्याचा, अशी छटांची पट्टी असते, आणि एका दातातसुद्धा मुळाशी एक छटा अन् टोकाला दुसरी. परवा एका बाईंच्या पुढच्या दाताला मी छटा दिली. साहेबांनी तो भिंगाखाली धरला आणि काही न बोलता पुढच्या टेबलावर सरकवला. आमच्याकडे हीच शाबासकी. त्या दिवशी मी घरी नाचत आले, म्हणजे कोचावर.

आज पाचवी खोली पाहिली आणि मला तीच हवी. घरमालकीण कोर्टात लघुलेखिका होत्या, आता निवृत्त. एकट्या असतात. मागच्या बाजूची खोली, स्वतंत्र दार. मी खिडकी उघडली, नळ सोडला, दार लावून आत उभी राहिले. बाहेर आले तर बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "झालं ऐकून?" मी म्हटलं, हो. म्हणाल्या, "कोण म्हणालं असं करायला?" मी म्हटलं, मामा. त्या "हं" म्हणाल्या. एवढंच बोलतात.

अडचण एक. खोली मागणाऱ्या बऱ्याच जणी आहेत आणि बाईंना प्रत्येकीच्या आधीच्या घरमालकाचा अभिप्राय हवा, तोही थेट पोस्टाने. मुलीच्या हातून आलेला त्या घेत नाहीत. माझा आधीचा घरमालक म्हणजे तूच. पत्ता खाली दिला आहे. चार ओळी लिही, मामा. चांगल्या. आता दिवस फार उरले नाहीत. ही गेली तर मी बॅग भरणार आहे.

भिंगरी

१९ फेब्रुवारी

मान्यवर बाईंना,

सविनय नमस्कार.

माझी भाची आपली खोली मागत आहे आणि आपल्याला तिच्या आधीच्या घरमालकाचा अभिप्राय हवा आहे, असं कळलं. घर माझ्या नावावर असल्यामुळे ती पदवी माझ्याकडे येते. भाडं कधी घेतलेलं नाही. सबब ते वेळेवर देते की नाही याविषयी साक्ष देऊ शकत नाही. बाकी जे पाहिलं ते लिहितो.

न्हाणीघरात गाते. सुरांशी तिचं विशेष सख्य नाही. एकच गाणं, आणि दुसरा अंतरा येत नसल्यामुळे पहिलाच पुन्हा. ओला टॉवेल खुर्चीवर टाकते. सांगितलं की लगेच उचलते, आणि दुसऱ्या खुर्चीवर टाकते. दिवे लावायला शिकली, मालवायला राहिली. स्वयंपाक बरा करते, पण भांडी 'भिजू दे' म्हणून ठेवते, आणि ती भिजण्यात प्रवीण होतात. सकाळी उठल्या उठल्या तिच्याशी बोलू नये. बोललं तर उत्तर मिळतं.

खोटं बोलता येत नाही. प्रयत्न करते, पण कान लाल होतात. वस्तू फुटली तर लपवत नाही. तुकडे ओंजळीत घेऊन समोर येऊन उभी राहते, आणि मग अशी चिकटवते की सांधा शोधावा लागतो. भांडते ते तोंडावर. पाठीमागे तिने कुणाला नावं ठेवलेली मी ऐकली नाहीत. घरात कुणी आजारी असलं की खुर्ची ओढून उशाशी बसते, आणि वर 'मला काही काम नव्हतं' म्हणते.

ती गेल्यामुळे आमच्या घरात काही फरक पडलेला नाही. उलट शांतता आहे, वाचन चांगलं होतं.

खोली द्यावी की नाही, हे आपण ठरवावं. आधीच्या घरमालकाकडे याहून अधिक माहिती नाही.

आपला नम्र,
मुलीचा मामा

२३ फेब्रुवारी

मामा,

आज नमस्कार नाही.

बाईंनी बोलावून घेतलं. समोर तुझं पत्र होतं, शेजारी इतर मुलींच्या पत्रांची चळत. बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "दुसरा अंतरा खरंच येत नाही?" मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं. मग म्हणाल्या, "भांडी किती वेळ भिजतात?" मी म्हटलं, सकाळपर्यंत. त्यांनी "हं" केलं. मी विचारलं, खोलीचं काय? म्हणाल्या, "तुझ्या मामांना मी उत्तर लिहिणार आहे. तुला नंतर सांगते." नकार आहे, मला कळत नाही का? माझ्यासमोर बोलणं जड गेलं म्हणून तुला लिहिणार.

इतर मुलींच्या घरमालकांनी काय लिहिलं असेल? 'शांत, सुस्वभावी, नीटनेटकी.' तीन शब्द, मामा. जन्मभर मुलांच्या प्रगतिपुस्तकात तू तेच लिहीत आलास, त्या बाकं मोडणाऱ्या पोराच्यासुद्धा. माझ्याच वेळी तुला सत्य आठवलं.

आणि खरं विचारते. हे तुझ्या हातून झालं, की तू केलंस?

ताईंच्या बहिणीचं सामान आणि तिचा मुलगा पुढे आलेसुद्धा. कोचावर आता मी आणि त्याची सायकल आहोत. शनिवारी साहेबांना सांगणार आहे की जमत नाही. खिडकी उघडी ठेव, येते.

भिंगरी

२४ फेब्रुवारी

गुरुजी,

नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. मी नोकरीभर कोर्टात साक्षीदारांचं बोलणं उतरून घेतलं. कोण खरं, कोण खोटं, हे मला कुणी विचारत नसे. पण हात कामात गुंतला तरी कान मोकळे असतात. त्यांना एक कळलं: शिकवून आणलेली साक्ष गुळगुळीत असते. खऱ्या साक्षीत ओले टॉवेल असतात.

माझ्याकडे इतरही पत्रं आली. सगळ्या मुली शांत, सुस्वभावी आणि नीटनेटक्या. या शहरात एवढ्या शांत मुली असत्या तर कोर्टात मला हातावर हात ठेवून बसावं लागलं असतं.

आपल्या पत्रावर मी पूर्ण विश्वास ठेवला, एका विधानाखेरीज. 'ती गेल्यामुळे आमच्या घरात काही फरक पडलेला नाही.' तिथे शाई जाड झाली आहे. म्हणजे लेखणी टेकवून आपण बराच वेळ थांबला होतात. साक्षीदार असे थांबले की मी कागदाच्या कडेला एक बारीक टिंब द्यायचे. आपल्या पत्रावरही दिलं आहे. राग नसावा. ज्या घरात फरक पडतो त्या घरातली मुलगी मला चालेल.

आता माझ्या बाजूची साक्ष. खोली दुपारी तापते. खिडकीची कडी एका दमात लागत नाही. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रोज काहीतरी जमिनीवर घरंगळवतात; काय ते विचारण्याचं धाडस मी केलेलं नाही. माझा एक कान मंद आहे, त्यामुळे रेडिओ मोठा लावते. गाण्याचा प्रश्न आपोआप निकालात निघाला. कुठे गेली होतीस असं मी भाडेकरूला विचारत नाही. जेवलीस का, असं विचारते. ते जास्त त्रासदायक असतं, असं आधीच्या मुलीचं म्हणणं होतं. ती लग्न करून गेली, माझ्यामुळे नव्हे.

आज सकाळी आपल्या भाचीला बोलावून खोली दिली. ती रडेल असं वाटलं होतं. तिने करारनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, कोऱ्या जागांवर रेघा मारल्या, दुसरी किल्ली कुणाकडे असते ते विचारलं, ती हातात घेतली, आणि मग रडली. हा क्रम मला आवडला.

शेवटचं. तिला पत्र लिहाल तेव्हा पाकिटावर 'द्वारा' लिहून माझं नाव घालू नये. खोली तिची आहे.

निवृत्त लघुलेखिका

२५ फेब्रुवारी

मामा,

परवाचं पत्र फाडून टाक. आईला वाचून दाखवलं असशील तर तिच्याकडूनही परत घे.

बाई म्हणाल्या, "सगळ्यांत वाईट पत्र तुझं होतं, म्हणून दिली." मला अजून नीट समजलेलं नाही. ताईंना समजलं, त्या हसत सुटल्या. काल संध्याकाळी सामान आणलं, दोनच बॅगा आणि सायकलवाल्या पोराने दिलेलं एक चित्र. वरचे काका काहीतरी घरंगळवत होते. मी जिना चढून विचारलं. ते पाठीला पट्टा बांधून, लाटण्यासारख्या लाकडी रुळावर तळपाय फिरवत बसले होते. डॉक्टरांनी सांगितलंय. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मी विचारलं नाही, तू पहिल्याच दिवशी." मग म्हणाल्या, "जेवलीस का?"

शनिवारी साहेबांना जे सांगणार होते ते सांगायचं नाही. त्यांनी मला आता अख्खा वरचा जबडा दिला आहे. (माणसाचा नव्हे, आईला समजाव.)

मी विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण दिलंस तर वाचेन.

तुझी,
भिंगरी

१ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. आज सगळेच्या सगळे माझे आहेत. तुझ्या आईने आपले वेगळे पाठवायचं ठरवलंय, म्हणजे ती आता फोन करील आणि तू उचलशील.

तू फाडायला सांगितलेलं पत्र फाडलं नाही. त्यातली वाक्यं चांगली उतरली आहेत.

हातून झालं की केलं, असा तुझा प्रश्न. शास्त्रकारांनी कर्त्याचे प्रकार पुष्कळ सांगून ठेवले आहेत, त्यातला कुठला मला लागू पडतो यावर मी दोन संध्याकाळी विचार केला. शेवटी तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, "तू दोन्ही केलंस, आणि दोन्ही फसलं. आता गप्प बस." तेव्हा गप्प बसतो.

तुझ्या लघुलेखिकाबाईंना आभाराचं पत्र धाडलं आहे. खूप काळजीपूर्वक लिहिलं. पेन कुठेही टेकवून ठेवलं नाही. तरी त्या कुठे टिंब देतील सांगता येत नाही.

तुझी खोली मी काल आवरली. शाळेतल्या नव्या गणिताच्या बाईंना जागा मिळत नव्हती, त्या आजपासून तिथे आहेत. आल्या, त्यांनी खिडकी उघडली, नळ सोडला, मला विचारलं, "दुसरी किल्ली कुणाकडे असते?" मला क्षणभर राग आला. मग किल्ली दिली.

आत्ता तुझ्या पत्राचं पाकीट लिहीत होतो. आजवर तुला जिथे जिथे पत्र गेलं, तिथे वरच्या ओळीत दुसऱ्या कुणाचं नाव असायचं: शिकत होतीस तेव्हा वसतिगृहाच्या बाईंचं, मग ताईंचं. आज सवयीने 'द्वारा' लिहायला गेलो आणि हात आवरला. तुझं नाव, आणि खाली सरळ घर क्रमांक. पाकीट जरा मोकळंच दिसतं. तुझ्या आईने ते हातात घेतलं, दोन वेळा वाचलं आणि म्हणाली, "हिच्याकडे राहायला कधी जायचं?"

मी म्हटलं, "अगं, परक्याच्या घरी असं आपण होऊन जात नाहीत. तिने बोलवायला हवं."

तर बोलाव.

तुझा
मामा